पट्टी कधी सोडलीस?

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी धाकटे काका कोकणातून पुण्यात आले होते, त्याला आता दीड वर्ष होऊन गेले. शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली, आठवडाभर दर चार तासांनी डोळ्यांत थेंब घालण्याचा कार्यक्रम झाला आणि ज्या सकाळी डॉक्टरांनी काळा चश्मा उतरवायला परवानगी दिली, त्या सकाळी ते चहाही न घेता आमच्या मागच्या अंगणात गेले. अंगण म्हणजे तळमजल्याच्या घराला लाभलेला बारा फूट रुंदीचा मातीचा तुकडा. पण त्या तुकड्यात मी चार वर्षांपूर्वी हापूसचे कलम लावले होते आणि ते माझ्या डोक्याच्या हातभर वर गेले होते. काकांना ते दाखवायची मला इतकी घाई होती की त्यांचा डोळा बरा होण्याची वाट मी त्यांच्याइतकीच, कदाचित जरा जास्तच, पाहिली होती. त्यांनी झाडाभोवती एक फेरी मारली. एक पान तोडून बोटांत चुरगळले आणि नाकाशी नेले. मग, वाकायचे नाही अशी सक्त ताकीद असतानाही, गुडघ्यावर हात टेकून वाकले आणि बुंध्याजवळचा पालापाचोळा बाजूला सारला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मी कौतुकाच्या शब्दाची वाट पाहत उभी होते.

"पट्टी कधी सोडलीस गो?" त्यांनी विचारले.

मला आधी प्रश्नच कळला नाही. त्यांनी बोटाने दाखवले तेव्हा दिसले. जमिनीपासून वीतभर उंचीवर, बुंध्याच्या एका अंगाला, पेन्सिलीएवढ्या जाडीची करड्या रंगाची वाळकी काडी उभी होती. इतके दिवस मी तिला जुन्या आधाराच्या काठीचा तुकडा समजत होते. तिच्या पायथ्याशी कलम बांधतानाची प्लॅस्टिकची पट्टी तशीच होती आणि सालीत इतकी रुतली होती की दोन्ही बाजूंनी साल ओठांसारखी फुगून तिच्यावर आली होती. माझे डेरेदार झाड निघाले होते ते त्या पट्टीच्या खालून. हापूसची काडी केव्हाच मेली होती. चार वर्षे मी जिला शेणखत, नीमपेंड आणि आंघोळीच्या बादलीतले राखून ठेवलेले पाणी घातले, ती खालच्या खुंटाची, म्हणजे हापूसची काडी ज्यावर बांधली होती त्या रोपाची, कुठल्या तरी अनोळखी रायवळ कोयीची फांदी होती. दुसऱ्या वर्षीच्या उन्हाळ्यात शेंड्याची पाने वाळली होती हे मला आठवले. आणि त्यानंतर महिन्याभरात बुंध्यातून जोमदार धुमारा फुटला तेव्हा झाड सावरले म्हणून मी शेजाऱ्यांना पेढे द्यायचेच काय ते बाकी ठेवले होते, हेही आठवले.

काका रागावले नाहीत. "रायवळ वाईट नसतो," एवढे म्हणून त्यांनी चहा मागितला. रागावले असते तर बरे झाले असते, असे मला नंतर अनेकदा वाटले, कारण मग तो विषय तिथेच संपला असता. खत कमी पडले, कीड लागली, ऊन सोसले नाही अशा कारणाने कलम मेले असते तर हळहळ वाटली असती आणि विरली असती. इथे मात्र त्या काडीचा गळा आवळला होता तो तिला जगवण्यासाठी बांधलेल्या पट्टीनेच. तीन आठवडे ती पट्टी नसती तर काडी खुंटाला चिकटलीच नसती. आणि वर्षभर ती राहिली, म्हणून वाढणाऱ्या खोडाला जागा उरली नाही. कधी बांधायची हे ज्याने ते कलम बांधले त्याला माहीत होते. कधी सोडायची हे मला माहीत असायला हवे होते, आणि मी तर कलमांच्या घरात वाढलेली.

आमच्या वाडीत जुलै महिना हा कलमे बांधण्याचा. मृगाच्या पावसाने गडग्यांवर शेवाळ धरलेले, जांभ्याच्या पायऱ्या निसरड्या झालेल्या, माजघरात वाळत घातलेल्या कपड्यांना कुबट वास येणारा, आणि पडवीत तरटावर बसून चार गडी दिवसभर कलमे बांधत असायचे. त्याआधीच्या पिढीत, म्हणजे आजोबांच्या उमेदीच्या काळात, भेटकलमे होत. मातृवृक्षाच्या फांद्यांपर्यंत पोहोचतील असे बांबूचे माच उभारायचे, त्यांवर रोपांच्या कुंड्या चढवायच्या, रोपाची आणि फांदीची साल एका बाजूने तासून दोघांना एकमेकांशी बांधायचे आणि दोन-तीन महिने त्या कुंड्यांना वर चढून पाणी घालत बसायचे. फांदी झाडावरच असल्याने तिला उपासमार नसे आणि भेटकलम सहसा वाया जात नसे. पण एका झाडाभोवती माच उभारून माणूस असा किती कलमे करणार? १९७२ साली दापोलीला कृषी विद्यापीठ झाले आणि तिथून कोय कलमाचे तंत्र गावोगाव पोहोचले, तेव्हा झाडाकडे रोप नेण्याऐवजी झाडाची काडीच पडवीत येऊ लागली. आजोबांचा त्यावर विश्वास नव्हता. "पंधरा दिवसांच्या पोराचं लग्न लावताहेत," असे ते म्हणत आणि तरीही झोपाळ्यावरून उठून दर तासाने कामावर नजर टाकून जात.

आम्हा मुलांना या कामात दुय्यम पण मानाचे स्थान होते. रसाच्या कारखान्यांतून मे-जूनमध्ये कोयींचे ढीग येत. ते लगेच गादीवाफ्यावर लावावे लागत, कारण आंब्याची कोय ही गव्हा-तांदळाच्या बियांसारखी कणगीत भरून ठेवता येत नाही; आतला गर वाळला की ती मरते, आणि चार-सहा आठवड्यांत बहुतेक मरतातच. पाण्यात टाकून तरंगणाऱ्या कोयी वेगळ्या काढणे हे आमचे पहिले काम. दोन-तीन आठवड्यांत वाफ्यावर कोंब यायचे आणि मग तो रंग दिसायचा, ज्याला आमच्या घरात सगळे नुसते 'तांबडा' म्हणत. नुकत्या घासलेल्या तांब्याच्या घंगाळाचा, ओला, लवलवता तांबूस रंग. रोप त्या रंगात असते ते आठ-पंधरा दिवस. पाने हिरवी झाली की खोडातला कोवळेपणा गेला. तोवर मात्र पेशी इतक्या भराभर विभागत असतात की केलेली जखम जणू तयारीतच असते. गडी ते रोप कोयीसकट अलगद उपटत, धुऊन घेत, दोन-अडीच इंच ठेवून शेंडा उडवत आणि उरलेल्या देठाला मधोमध दोन बोटे खोल चीर देत. हापूसच्या काडीला तेवढ्याच लांबीची पाचर तासून ती चिरेत बसवायची, पट्टीने घट्ट गुंडाळायची आणि कोयीसकट रोप मातीच्या पिशवीत लावायचे. शेवटी वरून गारेगार पेप्सीच्या पिशवीसारखी अरुंद प्लॅस्टिकची टोपी घालायची. टोप्या घालणे हे आमचे दुसरे काम, आणि माझा त्यात हात सर्वांत भराभर चालतो, असे काका म्हणत.

काडीचीही आधी तयारी करावी लागे. ती तीन-चार महिने वयाची, शेंड्याची, रोपाच्याच जाडीची हवी. कापण्याच्या आठ-दहा दिवस आधी तिची पाने देठ ठेवून छाटून टाकायची. मग झाड तिच्यासाठी पाठवत असलेले अन्न पानांऐवजी शेंड्याच्या डोळ्यात साठू लागते, डोळा टपोरतो आणि उरलेले देठ बोट लावताच गळून पडतात. देठ गळला की काडी तयार. हे मी इतके तपशिलात सांगते आहे, कारण लहानपणी ते सगळे मला केवळ पद्धत वाटत असे, देवाला फुले वाहण्याआधी देठ काढतात तशी; त्यामागे काही कारण असेल अशी शंकाही येत नसे. ती आली लग्नानंतर. पहिल्याच उन्हाळ्यात माहेराहून मी हौसेने दहा काड्या आणल्या, इथल्या रोपवाटिकेतून दहा रोपे आणली आणि एप्रिलच्या सुट्टीत, गच्चीवर बसून, अगदी पडवीतल्यासारखी कलमे बांधली. सातव्या दिवशी दहाही काड्या कोळशाच्या कांडीसारख्या झाल्या होत्या.

हात तोच होता, सुरीही तीच होती. महिना आणि हवा वेगळी होती. कापलेल्या काडीला मूळ नसते. तिच्याजवळचे पाणी हीच तिची शिदोरी, आणि ती शिदोरी नवीन नळ्या जुळेपर्यंत पुरवायची असते. दोन्ही बाजूंच्या सालीखालचा तो पातळ हिरवट, जिवंत थर एकमेकांना भिडला की तिथून मऊ पांढरट पेशींचा पुंजका वाढू लागतो, फट भरून काढतो, आणि त्या पुंजक्यातूनच पाणी वाहणाऱ्या नळ्या नव्याने घडतात. याला दोन-तीन आठवडे लागतात. पुण्याच्या एप्रिलमध्ये त्या हवेने माझ्या काड्यांची शिदोरी पहिल्याच आठवड्यात पिऊन टाकली होती. कोकणातल्या जुलैत हवाच इतकी ओथंबलेली असते की काडीला काही गमवावे लागत नाही. वरून टोपी, तिच्या आत काडीचाच दमट श्वास, आणि पुंजका वाढायला लागणारी बेताची ऊब. पावसाळ्यात घरात साचलेल्या ज्या ओलाव्याला आजी दिवसातून दहा वेळा शिव्या घालत असे, त्याच ओलाव्यावर आमच्या घराचे वर्षभराचे मीठ-तेल चालत होते.

कोय कलमाची एक गोष्ट मला लहानपणापासून आजतागायत अस्वस्थ करते. पिशवीतल्या दीड वितीच्या कलमाला कधी कधी पहिल्याच हिवाळ्यात मोहोर येतो. काका तो चिमटीने खुडून टाकत, कारण एवढ्याशा जिवाला फळ झेपत नाही. कलम चार-पाच वर्षांचे होईपर्यंत मोहोर ठेवायचा नाही असा नियम. पण तो येतोच कसा? कोयीपासून वाढलेल्या रायवळाला मोहोर यायला आठ-दहा वर्षे लागतात. त्याला एक लांबलचक बालपण असते आणि कोणत्याही खताने ते फारसे आखूड होत नाही. काडी मात्र ते बालपण मागे टाकून आलेली असते. ती ज्या झाडाची आहे, त्याचे प्रौढपण ती सोबत घेऊन येते. आमच्या विहिरीजवळच्या जुन्या कलमाची काडी पंधरा दिवसांच्या खुंटावर बसते, तेव्हा त्या पिशवीत खाली तान्हे बाळ आणि वर आजी असते. शिवाय ते जुने कलमही कुणाची तरी काडीच होते. कोयीतून हापूस येत नाही. कोयीतला गर्भ दोन झाडांच्या संकरातून झालेला असतो आणि तो कुणासारखाही निघू शकतो. म्हणजे गोव्यात पोर्तुगीजांच्या अमदानीत कधीतरी उगवलेल्या आणि अफोन्सोच्या नावाने ओळखल्या गेलेल्या एका झाडाला त्यानंतर पुन्हा जन्म असा मिळालेलाच नाही. तीच फांदी शतकानुशतके खुंट बदलत जगते आहे. तिला म्हातारपण येत कसे नाही, आणि येत असेल तर ते कुठे साठते, हा प्रश्न मी एकदा काकांना विचारला होता. "मला गुडघ्यात येतं," ते म्हणाले.

वयाचा हा हिशेब इतरत्रही दिसतो. मोगऱ्याची, जास्वंदीची काडी खोचली की मुळे फुटतात, आंब्याची मात्र फुटत नाहीत, आणि त्यातही जुन्या झाडाची काडी तर नाहीच नाही. फांदी जितकी प्रौढ, तितकी तिला मूळ फोडण्याची इच्छा कमी. १९३५ च्या सुमारास इंडोल ब्युटिरिक ॲसिडचा मुळे फोडण्यासाठीचा उपयोग दिसून आला आणि आज कृषी केंद्रात मिळणाऱ्या मुळांच्या पावडरीत बहुतेक तेच असते. मी ती आणली आणि जास्ती घातली तर जास्ती मुळे येतील अशा भोळ्या समजुतीने जास्वंदीच्या काड्या तिच्यात पिठात भजी घोळवावीत तशा घोळवल्या. सगळ्या बुडाशी कुजल्या. चिमूटभर पावडर मुळांना बोलावते आणि मूठभर पावडर पेशी मारते, हे डब्यावर बारीक अक्षरांत छापलेलेही होते. त्यानंतर मी चिडून तो समाजमाध्यमांवरचा प्रयोगही करून पाहिला, बटाट्यात गुलाबाची काडी खोचण्याचा. बटाट्याला उत्तम कोंब आले.

आता कल्टारबद्दल, म्हणजे आंब्याला लवकर मोहोर आणणाऱ्या रसायनाबद्दल, लिहायला हवे, आणि ते लिहिताना माझा हात जड होतो.

१९२६ साली, जपानी अमलाखालच्या तैवानमध्ये, एइची कुरोसावा नावाचा संशोधक भाताच्या एका रोगाचा अभ्यास करत होता. त्या रोगात रोपे फिकट आणि अवाजवी उंच होत व आडवी पडत. जपानी शेतकरी त्यांना 'बाकानाए', म्हणजे मूर्ख रोपे म्हणत. रोपांवर वाढणाऱ्या बुरशीच्या नुसत्या गाळलेल्या पाण्यानेही निरोगी रोपे तशीच ताडमाड वाढतात, असे त्याने दाखवले. त्या पाण्यात होते ते पुढे जिबरेलिन म्हणून ओळखले गेले आणि ते सगळ्याच झाडांत मुळात असते, असेही कळले. नाशिककडे द्राक्षांचे घड त्याच जिबरेलिनच्या पाण्यात बुडवतात, म्हणून मणी फुगतात. कल्टार हे त्याच्या नेमके उलटे. त्यातले पॅक्लोब्युट्राझोल झाडाच्या आत जिबरेलिन तयारच होऊ देत नाही. पावसाळ्यानंतर फुटणारी नवी पालवी मग अडते, आधीच्या काड्या जून होतात आणि झाड लवकर, आणि एक वर्षाआड न येता दर वर्षी, मोहोरते. दापोलीची शिफारस मला पाठ आहे, कारण ती आमच्या ओटीच्या भिंतीवर खडूने लिहिलेली असे: झाडाच्या विस्ताराच्या व्यासाच्या दर मीटरला ३ मिलिलिटर, १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यान, बुंध्याभोवती वर्तुळात चार बोटे खोल २५-३० भोके पाडून, पाण्यात मिसळून. दहा मीटर विस्ताराच्या कलमाला ३० मिलिलिटर. बाटलीच्या झाकणाने मोजून देणारे काका मला आठवतात, घरातल्या तापाच्या मुलाला औषध द्यावे तसे, झाकण डोळ्यांच्या रेषेत धरून.

ज्या वर्षी माझ्या कॉलेजच्या फीचा प्रश्न होता, त्या वर्षी फेब्रुवारीतच आमच्या दोन-चार पेट्या वाशीच्या बाजारात गेल्या आणि त्यांना जो भाव मिळाला, तो ऐकून आजी देवाजवळ साखर ठेवायला उठली. त्यामुळे रसायन वाईट आणि निसर्ग चांगला, असे सरळसोट वाक्य माझ्या हातून लिहिले जात नाही. त्या वाक्यावर मी कृतघ्न ठरते. पण वडील गेल्यानंतर खालची बाग सात वर्षे खंडाने दिली होती. खंडाने घेणाऱ्याचे झाडाशी नाते कराराच्या मुदतीएवढेच असते, आणि मुदतीच्या आत जेवढे काढता येईल तेवढे काढणे हा त्याचा हिशेब असतो. झाकणाने मोजणे गेले. बाग परत ताब्यात आली तेव्हा मी गेले होते. कलमे उभी होती, पण त्यांची नवी फूट विचित्र झाली होती. कांड्या आखडलेल्या, पाने एकाच ठिकाणी गुच्छासारखी दाटलेली, मोहोराच्या तुऱ्यांच्या जागी घट्ट मुठी. पॅक्लोब्युट्राझोल जमिनीत बराच काळ टिकून राहते, त्यामुळे नवीन काही न घालताही झाड मागल्या मात्रेचेच देणे फेडत राहते. काकांनी पुढची तीन वर्षे त्या बागेत फक्त शेणखत घातले, छाटणी केली आणि मोहोर आला तरी फारशी आशा धरली नाही. चौथ्या वर्षी गणपतीच्या सुमारास एका फांदीवर हातभर लांबीची, ढिली, तांबूस पालवी फुटली. तिचा फोटो त्यांनी मला पाठवला होता, सोबत एक अक्षरही न लिहिता.

तो फोटो आला त्या काळात इकडे मी माझ्या झाडाला रोज पाणी घालत होते. ठिबकची नळी होती, वेळ लावलेली होती, मी गावाला गेले तरी ती चुकत नसे. झाड वाढत होते आणि मोहोरत नव्हते, आणि तेव्हा तर मी त्याला हापूस समजत होते. काका म्हणाले, हे हापूस असते तरी मोहोरले नसते. ऑक्टोबरात पाऊस गेला की कोकणातल्या कातळावर पाणी उरत नाही. झाडाची तहान वाढत जाते, नवी पाने काढण्याचे धाडस संपते, आणि मग थंडीच्या रात्री आल्या की त्याच डोळ्यांतून पानांऐवजी मोहोर बाहेर पडतो. मी त्याला तहान लागूच दिली नव्हती. सांगोल्याच्या माझ्या मैत्रिणीकडे डाळिंबाला मुद्दाम पाणी तोडतात, पाने गळू देतात, अगदी रया गेलेली बाग समोर दिसत असताना महिना-दीड महिना हात बांधून बसतात आणि मग पाणी सोडून बहर धरतात. तिच्या सासऱ्यांना मी एकदा विचारले होते की या दिवसांत बागेत जाववते का. ते म्हणाले, "जात न्हाई मी." इथे कुणाला मुलांच्या संगोपनाची उपमा सुचेल. मलाही सुचली होती. पण मुलगा सव्वीस वर्षांचा आहे आणि हे लिखाण तो वाचतो.

काका कोकणात परत गेल्यावर प्रश्न उरला तो झाडाचे काय करायचे याचा. काढून टाकून नवे कलम लावणे हा सोपा मार्ग होता आणि घरातल्या सर्वांचे त्यावर एकमत होते. मीच टाळाटाळ केली. मागचा अख्खा पावसाळा मी काहीही न करता घालवला. झाडावर राग होता म्हणावे तर सकाळी दार उघडले की आधी नजर त्याच्याकडेच जायची. पावसाळ्याच्या तोंडाशी त्याला जी पालवी आली ती हापूसच्या पालवीपेक्षा गडद, जवळजवळ जांभळट होती, आणि हा रंग आपण आधी कधी पाहिलाच कसा नाही याचे नवल वाटले. आधी पाहिला होता, पण हापूसचा म्हणून पाहिला होता. हे झाड कुणासारखे आहे, ते आंबट निघेल की बिटकीसारखे गोड, रेषाळ की गरदार, हे त्याला फळ धरेपर्यंत कुणालाच सांगता येणार नाही. चार-पाच वर्षे तरी अजून हवीत. इतक्या कलमांच्या मध्ये वाढून मी कोयीपासून आलेल्या झाडाची वाट कधी पाहिली नव्हती. आमच्याकडे रायवळ होते, पण ते पाणंदीच्या कडेला, कुणीही न लावलेले, आणि त्यांचे आंबे आम्ही दगड मारून पाडत असू.

या जुलैत मी वाडीवर गेले. विहिरीजवळच्या जुन्या कलमावर काकांनी माझ्यासाठी आठ दिवस आधी सहा काड्यांची पाने छाटून ठेवली होती. दुसऱ्या डोळ्याचीही शस्त्रक्रिया आता झाली आहे, तरी त्यांनी प्रत्येक काडीचा देठ बोटाने हलवून पाहिला. डोळ्यांवर त्यांचा या बाबतीत भरवसा नाही. काड्या ओल्या फडक्यात आणि वरून केळीच्या सोपात गुंडाळून मी रात्रीच्या बसने पुण्याला आले आणि सकाळी सात वाजता, भुरभुर पावसात, छत्री खांद्याला अडकवून झाडाजवळ उभी राहिले. झाडाला तीन मुख्य फांद्या आहेत. त्यांपैकी दोन फांद्या मी आधीच छाटल्या होत्या आणि त्यांवर आलेल्या कोवळ्या फुटव्यांवर पाचरी बसवल्या, एकेका फांदीवर तीन. तिसऱ्या फांदीला हात लावला नाही. ती जशी आहे तशी वाढेल आणि तिला जे यायचे ते येईल. घरातल्यांना हे कारण मी असे सांगितले की एक फांदी मोकळी ठेवली तर मुळांना अन्न मिळत राहते. ते खरे आहे. काकाही तसेच करतात.

पट्ट्या बांधल्या, टोप्या घातल्या, हात अजून चालतो. कॅलेंडरच्या डिसेंबरच्या पानावर, एकादशीच्या चौकोनात, 'पट्ट्या' असे लिहून ठेवले आहे, आणि भीती वाटून नोव्हेंबरच्या पानावरही लिहिले आहे. आज चोवीस दिवस झाले. सहांपैकी तीन काड्या काळ्या पडल्या, एकीचे काहीच कळत नाही. उरलेल्या दोघींचे डोळे उघडले आहेत. टोपीच्या आत पाण्याचे बारीक थेंब जमले आहेत आणि त्यांच्या आड तो तांबडा दिसतो, अजून घडी न मोडलेला. टोपी लवकर काढली तर पालवी सुकेल आणि उशिरा काढली तर ती आतल्या वाफेत कुजेल. काल संध्याकाळी काकांना फोन केला, तेव्हा ते म्हणाले, पान टोपीच्या टोकाला टेकू दे, मग संध्याकाळच्या वेळी काढ, उन्हात नको. सकाळपासून मी तीनदा जाऊन पाहून आले. एकीचे पान टोकापासून अजून बोटभर खाली आहे. दुसरीचे टेकले आहे असे मला वाटते, पण आतल्या थेंबांमुळे नीट दिसत नाही.